सीझन नाही

तिकीटखिडकीला गोणपाट लावलंय.
रोहितची पाटी, गुलाबी, तोंडाच्या जागी भोक,
पोरांनी मान घालून फोटो काढायचा,
ती भिंतीला उलटी टेकवून ठेवलीय.
भोकातून ऐरोलीची खाडी दिसते, बशीएवढी.

"आता कंचा पाखरू बगाला आयलाव, मॅडम?"
हसुराम होडीच्या पोटाला डांबर फासतोय.
"सगली जेली. मंगशीरात या."
मी म्हणते, असू दे, जे असेल ते बघते.
तो ब्रश हवेत धरून थोडा विचार करतो,
मग डबा सरकवून
दगडावर मला जागा करून देतो.

दुर्बीण भावाची. पावसाळाभर कपाटात पडून
डाव्या भिंगात बुरशी चढली.
नौपाड्यात एकजण साफ करून देतो म्हणे,
पण तो गणपतीला गावी गेलाय, अजून आला नाही.
तेव्हा उजव्या डोळ्यात पक्षी
आणि डाव्या डोळ्यात कोळिष्टक,
दोन्ही मिळून एकच खाडी.

ओहोटी. विजेचे मनोरे पाण्यात पाय रोवून,
त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळत घालून.
चिखलात निवट्या शेपटीवर उड्या मारतात,
वीतभर जागेवरून भांडतात,
सोसायटीच्या पार्किंगसारखं.
लाल काटक्यांवर सहा शेकाटे.
आणि एक तुतवार, ढुंगण हलवत,
पुढे दोन पावलं, मागे एक,
दिवसाचा हिशेब न जुळलेल्या माणसासारखा.

हे मला कळतं.
एकतीस वर्षं वाशीच्या मसाला बाजारात
धण्याच्या गोणी मोजल्या मी.
मोजणं सुटत नाही.
निरोपसमारंभात माझ्याबद्दल कोण काय बोललं ते आठवत नाही,
खुर्च्या आठवतात: मांडलेल्या चाळीस,
भरलेल्या सतरा.

मग तिवरांच्या कडेला कोणीतरी.
राखी बगळा, एक, मी वहीत लिहिते.
तेवढ्यात मान वळते,
आणि चोच मध्येच मोडल्यासारखी
खाली वाकते.

राखी बगळा खोडते.

रोहित. पण गुलाबी कुठला,
दहा वेळा धुतलेल्या फडक्याचा रंग.
गुडघे मोठे, अंगापेक्षा आधी वाढलेले,
दहावीतल्या पोराचे असतात तसे.
थवा गेला तेव्हा हा मागे राहिला.
का, ते लिहायला वहीत रकाना नाही.

"त्यो होय," हसुराम वर न बघता म्हणतो,
"जेठापासून हाय. आमची पोरां त्याला वॉचमन बोलतान.
भरती आयली का त्या पायपावर जाऊन उभा.
पानी उतारला का परत खाली. ड्यूटी."

थंडीत इथे हजारो उतरतील.
बोटी भरतील, माणसं ओळीनं उभी राहतील,
गुलाबी दिसलं की बोटीतून एकच ओरड.
तेव्हा हा त्यांच्यात कुठे असेल
आणि माझ्या भिंगाला सापडेल का, कोण जाणे.
आत्ता मात्र
त्यानं डोकं उलटं करून पाण्यात घातलंय,
आख्खी ऐरोली, मनोरे, पूल, मी,
सगळं त्याला पायांच्या मधून दिसत असणार,
आणि तो सावकाश
चिखल गाळतोय.

खूप वेळ.

पाणी कधी चढलं ते मला तुतवारामुळे कळलं,
तो ओरडत दुसऱ्या काठाला गेला.
मग वॉचमन निघाला. चालत. घाई नाही.
पायपावर चढला, एक पाय पोटात घेतला.
मी तारीख घातली, वेळ घातली,
संख्येखाली एक,
आणि शेऱ्यात, जुन्या सवयीनं,
हजर.

उठताना बघते तर सलवारीला डांबर,
तळहाताएवढं, चांगलं ओलं.
हसुराम जवळ येऊन बघतो,
चूक आपलीच असल्यासारखा मान खाजवतो.
"राकेल लावा, घरी गेल्यावर लगेच," तो सांगतो.
"नायतं मंग रेल तसाच."